स्वतंत्र संगणकापासून मध्यवर्ती सर्व्हरपर्यंत : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात अधिकार अभिलेखाच्या संगणकीकरणाचा इतिहास

सारांश

महाराष्ट्रातील अधिकार अभिलेखाचे, म्हणजेच सर्वपरिचित सातबाऱ्याचे, संगणकीकरण हे एकच प्रशासकीय साधन शेकडो कार्यालयांतील परस्परांशी जोडलेल्या संगणकांवर चालविण्याचे राज्यातील एक महत्त्वाचे उदाहरण आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रक्रियेचे ऐतिहासिक टप्पे ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या ग्रामीण तालुक्यांच्या संदर्भात तपासले आहेत. साधन जसजसे मध्यवर्ती होत गेले तसतशी नोंदींत एकरूपता आली. मात्र नोंदीच्या सत्यतेची पडताळणी गावातच करावी लागते, हे प्रत्येक टप्प्यावर पुन्हा सिद्ध झाले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

महत्त्वाचे शब्द : अधिकार अभिलेख, ई-फेरफार, संगणकीय जाळे, चावडी वाचन, महसूल प्रशासन

प्रस्तावना

ग्रामीण महाराष्ट्रात शेतकऱ्याचा शासनाशी येणारा संबंध बहुतांशी सातबाऱ्याच्या कागदातून येतो. पीककर्ज, वारसनोंद, जमिनीची खरेदी-विक्री, भूसंपादनाचा मोबदला, न्यायालयातील दावा या प्रत्येक प्रसंगी हा उतारा प्रथम मागितला जातो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५७ अन्वये अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी असल्याचे गृहीत धरले जाते. त्यामुळे संगणकात नाव चुकीचे उमटले, तर ती केवळ टंकनाची चूक राहत नाही. ती चूक असल्याचे सिद्ध करण्याचा भार त्या खातेदारावर येऊन पडतो. अधिकार अभिलेखाच्या संगणकीकरणाचा इतिहास तांत्रिक प्रगतीपुरता मर्यादित ठेवता येत नाही, तो या कारणामुळे.

ई-प्रशासनाविषयी झालेल्या लेखनात सेवा किती जलद मिळाली, किती हेलपाटे वाचले, या अंगाने विचार अधिक झाला आहे. एका साधनाने अनेक कार्यालयांचा कारभार चालविताना अधिकार कोठून कोठे गेले आणि जबाबदारी कोठे राहिली, हा प्रश्न त्या तुलनेने दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत शोधनिबंधाचा रोख या प्रश्नावर आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) अधिकार अभिलेखाच्या संगणकीकरणाचे टप्पे निश्चित करणे. २) प्रत्येक टप्प्यात तलाठी, तालुका व राज्य या पातळ्यांवरील अधिकारांत झालेला बदल स्पष्ट करणे. ३) शहापूर व मुरबाड तालुक्यांसारख्या डोंगराळ व आदिवासीबहुल भागासाठी या बदलाचा अर्थ शोधणे. या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून त्याचा आधार महसूलविषयक कायदे, शासकीय योजना व अभिलेखांचे विहित नमुने हा आहे.

संगणकापूर्वीची एकसूत्रता

एकच साधन अनेक ठिकाणी सारख्या रीतीने चालविणे ही कल्पना संगणकाबरोबर आली, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. मुंबई इलाख्यात १९०३ च्या अधिनियमाने अधिकार अभिलेख तयार करण्याची तरतूद झाली आणि १९१३ मध्ये ती जमीन महसूल अधिनियमात समाविष्ट करण्यात आली. पुढे अँडरसन यांच्या महसुली लेख्यांच्या नियमपुस्तिकेने गावनमुने रूढ केले. फेरफाराची नोंदवही म्हणजे नमुना ६, अधिकार अभिलेख म्हणजे नमुना ७, पिकांची नोंद म्हणजे नमुना १२ आणि खातेदाराच्या जमिनीचा गोषवारा म्हणजे नमुना ८-अ. यांतील नमुना ७ व नमुना १२ एकाच कागदावर आल्याने त्यास ‘सातबारा’ हे नाव पडले.

या नमुन्यांचे खरे सामर्थ्य त्यांच्या परस्परसंबंधांत होते. फेरफार नमुना ६ मध्ये उतरविला जाई, हितसंबंधितांना नोटीस देऊन हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत ठेवली जाई, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करी आणि मगच नमुना ७ मध्ये बदल होई. हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाई. नोंद लिहिणारा तलाठी व ती प्रमाणित करणारा मंडळ अधिकारी या दोन वेगळ्या व्यक्ती असणे ही या व्यवस्थेतील प्रमुख सुरक्षितता होती. संगणकाच्या भाषेत ज्यास वापरकर्त्यांच्या अधिकारांची विभागणी म्हणतात, ती दौत-टाकाच्या काळातच अस्तित्वात होती. संगणकीकरणाला पुढे जे यश मिळाले, त्याचा पाया या एकसारख्या नमुन्यांनी घातला होता, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

अभ्यासक्षेत्राची ओळख

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीचा ठाणे जिल्हा २०११ च्या जनगणनेनुसार १ कोटी १० लाखांहून अधिक लोकसंख्येचा, देशातील सर्वाधिक लोकसंख्या असलेला जिल्हा होता. विभाजनानंतर उरलेल्या सात तालुक्यांत शहापूर व मुरबाड यांचे स्वरूप शेष जिल्ह्याहून वेगळे आहे. २०११ मध्ये शहापूर तालुक्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख १४ हजार, तर मुरबाडची सुमारे १ लाख ९० हजार होती. शहापूर तालुक्यातून मध्य रेल्वे व मुंबई-नाशिक महामार्ग जात असल्याने वासिंद, आसनगाव, खर्डी, कसारा ही गावे दळणवळणाच्या वाटेवर आली. याउलट डोळखांबकडील सह्याद्रीलगतची गावे त्या वाटेपासून दूर राहिली. मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता हीच त्याची मुख्य धमनी असून सरळगाव, टोकावडे ही गावे त्यावर वसली आहेत.

दोन्ही तालुक्यांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली आदी आदिवासी समाजांची वस्ती मोठी असून ती पाड्यांत विखुरलेली आहे. शहापूर तालुका संपूर्णतः, तर मुरबाड तालुका अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतो. एकाच जिल्ह्यात दोन टोके कशी नांदतात, याचे हे क्षेत्र चांगले उदाहरण आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेस ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात देशातील नामांकित उद्योगांची माहिती साठविणारी केंद्रे उभी राहिली, तर पूर्वेच्या पाड्यांत भ्रमणध्वनीचा संकेत मिळविण्यासाठी उंचवट्यावर जाणे नवीन नाही. तानसा व भातसा या जलाशयांचे पाणी मुंबईस पुरविणाऱ्या शहापूर तालुक्यातील गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. जाळ्याच्या टोकाला असणे म्हणजे काय, हे या भागाला पूर्वीपासून ठाऊक आहे.

पहिला टप्पा : तालुक्याचा स्वतंत्र संगणक

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची स्थापना १९७६ मध्ये झाली आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात या संस्थेने उपग्रहाच्या साहाय्याने जिल्हा मुख्यालये जोडणारे जाळे उभारले. १९८८-८९ मध्ये केंद्र शासनाने भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रायोगिक प्रकल्प देशातील आठ जिल्ह्यांत सुरू केला. त्यात महाराष्ट्रातून वर्धा जिल्ह्याची निवड झाली. १९९७-९८ पासून तहसील पातळीवर संगणकीकृत उतारे देण्यासाठी निधी उपलब्ध झाला आणि ही योजना खऱ्या अर्थाने तालुक्यापर्यंत पोहोचली.

या टप्प्यात संगणक होते, पण त्यांना जोडणारे जाळे तालुक्यापर्यंत नव्हते. प्रत्येक तहसील कार्यालयाचा संगणक हे एक स्वतंत्र बेट होते. हस्तलिखित सातबाऱ्यांवरून माहिती भरली जाई, ती त्या संगणकात राही आणि छापील उतारा त्यातूनच निघे. आज्ञावलीत सुधारणा झाल्यास ती फ्लॉपी वा सीडीवरून एकेका कार्यालयात न्यावी लागे. परिणामी एका तालुक्यात सुधारित तर दुसऱ्यात जुनी आवृत्ती चालू, अशी स्थिती संभवत असे. माहितीची राखीव प्रत काढणे हे त्या कार्यालयातील कर्मचाऱ्याच्या दक्षतेवर अवलंबून होते. संगणक बिघडल्यास त्याचा परिणाम एका तालुक्यापुरता मर्यादित राही, ही या रचनेची जमेची बाजू होती.

याहून मोठी अडचण दोन अभिलेखांची होती. तलाठी आपल्या सजात हस्तलिखित नोंदवही अद्ययावत करीत असे आणि तालुक्याच्या संगणकात तोच बदल नंतर भरला जाई. या दोहोंतील अंतर वाढत गेले की कोणता उतारा ग्राह्य मानावा, असा प्रश्न उपस्थित होई. शेजारच्या कर्नाटक राज्याने ‘भूमी’ प्रकल्पात याचे उत्तर वेगळ्या रीतीने शोधले. तेथे एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी सुमारे दोन कोटी अभिलेख संगणकात आणून तालुक्याच्या केंद्रांतून उतारे देण्यास सुरुवात झाली, हस्तलिखित उताऱ्यांची वैधता संपुष्टात आणली गेली आणि कर्मचाऱ्याची ओळख बोटाच्या ठशावरून पटविण्यात येऊ लागली. तालुका पातळीवरच एक अभिलेख व एक अधिकृत प्रवेशद्वार, हे त्या प्रकल्पाचे सूत्र होते.

दुसरा टप्पा : जाळ्याची उभारणी व माहितीसाठ्याचे एकत्रीकरण

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला आणि अंकीय स्वाक्षरीस कायदेशीर मान्यता मिळाली. २००५ मध्ये राज्यव्यापी जाळ्यांच्या योजनेस, २००६ मध्ये राष्ट्रीय ई-प्रशासन योजनेस आणि २००८ मध्ये राज्य माहिती केंद्रांच्या योजनेस केंद्राची मंजुरी मिळाली. २००८ मध्येच राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम सुरू झाला. २०१६ पासून तो डिजिटल इंडिया भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम या नावाने ओळखला जाऊ लागला. तालुक्याची बेटे जोडण्यासाठी लागणारी तार, जागा व कायदा या तिन्ही गोष्टी अशा रीतीने दशकभरात उपलब्ध झाल्या.

तथापि माहिती एकत्र आणणे हे तार जोडण्याइतके सोपे नव्हते. आरंभीची देवनागरी माहिती जुन्या सांकेतिक पद्धतींत साठविलेली होती; ती युनिकोडमध्ये रूपांतरित करावी लागली. तालुक्या-तालुक्यांत निरनिराळ्या रीतीने भरलेले शेरे, एकके व भूधारणेचे प्रकार एकाच संकेतावलीत बसवावे लागले. एकाच व्यक्तीची वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेली नावे, बेरजेस न जुळणारे क्षेत्र, नमुना ७ व नमुना ८-अ यांतील तफावत, असे दोष या वेळी उघड झाले. यांपैकी कित्येक दोष हस्तलिखित काळापासूनचे होते. संगणकाने ते निर्माण केले नव्हते, तर ते दडून राहणे अशक्य केले. काही दोष मात्र माहिती भरतानाच शिरले होते. या दोहोंतील फरक मूळ नोंदवही समोर ठेवल्याखेरीज कळणारा नव्हता.

तिसरा टप्पा : ई-फेरफार

२०१० नंतरच्या दशकात राज्यात ई-फेरफार प्रणाली टप्प्याटप्प्याने लागू झाली. जमाबंदी आयुक्त व संचालक, भूमी अभिलेख यांचे पुणे येथील कार्यालय या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी आले. राज्यातील सुमारे अडीच कोटी सातबारे एकाच आज्ञावलीच्या कक्षेत आणणे, हे या कार्याचे आकारमान होते. मुद्रांक व नोंदणी विभागाची आय-सरिता प्रणाली ई-फेरफारशी जोडली गेल्याने दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदविला जाताच त्याची माहिती तालुक्याकडे जाऊन फेरफाराची कार्यवाही सुरू होऊ लागली.

पूर्वी नोंदवहीत असलेली कामाची विभागणी आता आज्ञावलीत बांधली गेली. तलाठी मसुदा तयार करतो, नोटीस निघते, मुदत संपल्याखेरीज पुढील पायरी उघडत नाही आणि मंडळ अधिकारी आपल्या अंकीय स्वाक्षरीने नोंद प्रमाणित करतो. कोणी, केव्हा व कोणता बदल केला, याचा माग राहतो. नोंदीवर मागील तारीख टाकण्याचा जुना दोष यामुळे कठीण झाला, ही या प्रणालीची मोठी उपलब्धी मानावी लागेल.

या जाळ्याचे परिचालन करण्यासाठी महसूल खात्यात नवी कामे निर्माण झाली. तालुक्यात एका नायब तहसीलदाराकडे माहितीसाठा व्यवस्थापकाची जबाबदारी आली. तलाठ्याची बदली झाली की कार्यालयातील दप्तराबरोबर आज्ञावलीतील पदभारही हस्तांतरित करावा लागतो. तो वेळेवर झाला नाही, तर नवा तलाठी सजात हजर असूनही नोंद घेऊ शकत नाही. पूर्वी दप्तराची किल्ली हाती आली की पदभार पूर्ण होई; आता दुसरी, न दिसणारी किल्लीही हाती यावी लागते. १ मे २०१८ रोजी अंकीय स्वाक्षरीचा सातबारा नागरिकांस थेट उपलब्ध झाला आणि उताऱ्यासाठी तलाठ्याची गाठ घेण्याची अपरिहार्यता संपली.

जाळ्याच्या टोकाला

उपरोक्त व्यवस्थेत पहिल्या टप्प्यातील जमेची बाजू मात्र लोपली. एका तालुक्याचा बिघाड एका तालुक्यापुरता राहण्याचे दिवस संपले. मध्यवर्ती सर्व्हरवर ताण आल्यास शहापूर व मुरबाडसह अनेक तालुक्यांचे काम एकाच वेळी खोळंबते. शिवाय केंद्र सुरळीत असतानाही वीज वा जोडणी खंडित झाल्यास टोकाकडील सजाचे काम थांबते. पावसाळ्यात डोंगराळ भागात हे दोन्ही प्रकार संभवतात आणि वारसनोंदी व पीककर्जाची निकडही खरीप हंगामाच्या तोंडावर अधिक असते. ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द ग्रामीण मराठीत रुळले, यामागे हा अनुभव आहे. ग्रामपंचायतींना प्रकाशीय तारेने जोडण्याच्या, २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट नावाने राबविल्या गेलेल्या योजनेचे महत्त्व याच संदर्भात पाहावे लागते.

मुरबाड तालुक्यातील धसई गावाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. १ डिसेंबर २०१६ रोजी हे गाव राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून घोषित झाले आणि तेथील व्यापाऱ्यांना कार्ड स्वीकारणारी यंत्रे मिळाली. तरीही गावात रोख व्यवहार संपले नाहीत. अर्थात बाजारात यंत्राला रोख रकमेचा पर्याय असतो; सातबाऱ्याच्या बाबतीत आज्ञावलीस असा कोणताही पर्याय शिल्लक नाही. म्हणून अभिलेखाच्या जाळ्याची विश्वसनीयता ही सोयीची नव्हे, तर हक्काची बाब ठरते.

नोंदीतील चुकीचे मोल या भागात विशेष आहे. आदिवासी खातेदाराच्या जमिनीच्या हस्तांतरणावर संहितेच्या कलम ३६ व ३६-अ अन्वये निर्बंध आहेत, तर कुळकायद्यान्वये मिळालेल्या जमिनींवर त्या कायद्यातील कलम ४३ च्या शर्ती लागू होतात. या बाबींचे शेरे सातबाऱ्यावर असतात. माहिती भरताना असा एक शेरा गळाला, तर कायद्याचे संरक्षण कागदावरून नाहीसे होते आणि उतारा पाहणाऱ्यास जमीन निर्वेध भासते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा, ज्याचे लोकार्पण ५ जून २०२५ रोजी झाले, शहापूर तालुक्यातून जातो. अशा प्रकल्पात मोबदल्याचा हिशेब सातबाऱ्यावरील नावे व क्षेत्र यांवरून सुरू होतो. ज्याचे वा जिचे नाव वारस म्हणून कधी लागलेच नाही, अशा व्यक्तीस मोबदला वाटपाच्या वेळी प्रथम आपले वारसपण सिद्ध करावे लागते.

पुन्हा चावडीकडे

संगणकीकृत सातबारे मूळ हस्तलिखिताशी जुळविण्यासाठी राज्यभर दुरुस्तीची मोहीम घ्यावी लागली. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची संहितेच्या कलम १५५ मधील तरतूद त्यासाठी उपयोगात आली. २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन करण्यात आले. गावकऱ्यांसमोर सातबारे वाचून दाखवायचे, आक्षेप नोंदवायचे आणि मग दुरुस्ती करायची, असे त्याचे स्वरूप होते. मध्यवर्ती प्रणालीला आपली अचूकता ठरविण्यासाठी चावडी या गावातील जुन्या संस्थेचा आधार घ्यावा लागला, ही घटना इतिहासदृष्ट्या अर्थपूर्ण आहे. क्षेत्राची बेरीज जुळते की नाही, हे आज्ञावली क्षणात सांगते. परंतु बेरीज जुळूनही नाव चुकीचे असू शकते आणि ते फक्त गावालाच माहीत असते.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत नमुना १२ ची नोंद शेतकऱ्याने स्वतः भ्रमणध्वनीवरून करावयाची आहे. यात जोडणी नसताना शेतात माहिती व छायाचित्र घेऊन संकेत मिळाल्यावर ती पाठविण्याची सोय ठेवण्यात आली. तुटक जोडणी गृहीत धरून साधन रचणे, हा मागील अनुभवातून घेतलेला धडा म्हणता येईल. मात्र ज्या घरात तसा भ्रमणध्वनीच नाही, त्या घराचा प्रश्न यातून सुटत नाही.

१ एप्रिल २०२५ पासून राज्यभर राबविलेल्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेने हेच सूत्र पुढे नेले. मयत खातेदारांची नावे कमी करून वारसांची नावे लावणे हा तिचा उद्देश होता आणि तिचाही प्रारंभ चावडी वाचनाने झाला. एखाद्या पाड्यातील खातेदार कित्येक वर्षांपूर्वी मरण पावला, हे मध्यवर्ती सर्व्हरला कोणी सांगितल्याखेरीज कळत नाही. ते सांगण्याची जबाबदारी पुन्हा तलाठ्यावर, म्हणजेच २०२४ मधील नव्या पदनामानुसार ग्राम महसूल अधिकाऱ्यावर, येऊन ठेपली.

निष्कर्ष

१) अधिकार अभिलेखाच्या संगणकीकरणातील एकरूपतेचे मूळ विसाव्या शतकाच्या आरंभीच्या गावनमुन्यांत आहे. संगणकाने या नमुन्यांना गती व माग दिला. त्यांचा तर्क बदलला नाही.

२) स्वतंत्र संगणक, एकत्रित माहितीसाठा व मध्यवर्ती सर्व्हर या तीन टप्प्यांत आज्ञावलीवरील नियंत्रण तालुक्याकडून राज्याकडे गेले. नोंद खरी असण्याची जबाबदारी मात्र सजातच राहिली. नियंत्रण व जबाबदारी यांतील हे अंतर या व्यवस्थेतील मूलभूत ताण होय.

३) मध्यवर्ती साधनामुळे मागील तारखेच्या नोंदी व परस्परविरोधी उतारे यांना आळा बसला. त्याच वेळी बिघाडाची व्याप्ती वाढली आणि तिचा भार शहापूर-मुरबाडसारख्या जाळ्याच्या टोकाकडील भागावर अधिक पडतो.

४) २०१७ व २०२५ मधील चावडी वाचन हे संगणकीकरणातील तात्पुरते उपाय मानून चालणार नाही. नोंद सत्य मानणारा कायदा असेपर्यंत ती नोंद लोकांसमोर नियमितपणे वाचली जाणे हा अभिलेख व्यवस्थेचा कायम घटक असावयास हवा. विशेषतः अनुसूचित क्षेत्रातील गावांत ते ग्रामसभेस जोडून व पाड्यापाड्यांत होणे आवश्यक आहे.

सारांश, अनेक संगणकांवर एक साधन चालविता येते, हे महाराष्ट्राच्या महसूल प्रशासनाने सिद्ध केले आहे. त्या साधनात कोणाचे नाव राहावे, हे ठरविणारी साक्ष मात्र आजही डोळखांबच्या वा टोकावड्याच्या चावडीवरच मिळते. पुढील धोरणात सर्व्हरच्या क्षमतेइतकाच या साक्षीसाठी लागणारा वेळ, मनुष्यबळ व निधी यांचा विचार होणे अगत्याचे आहे.